डिकीखालचा तडा : जुनी झेड-थ्री वेल्डिंगला नेण्याआधी

बीएमडब्ल्यूची दोन सीटची स्पोर्ट्सकार झेड-थ्री १९९५ ते २००२ या काळात बनली. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीही आता वीस वर्षांच्या पुढे गेली. आपल्याकडे मोजक्याच आल्या. नाशकात कुणाच्या पार्किंगमध्ये एखादी उभी असेल, तर तिचं इंजिन किती गोड चालतं हे नंतर बघा, आधी डिकी रिकामी करा. या गाडीचा कच्चा दुवा डिकीच्या पत्र्याखाली आहे. मागचं सस्पेन्शन बीएमडब्ल्यूच्याच जुन्या ई-थर्टी मॉडेलवरून घेतलेलं, आणि डिफ्रन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) मागच्या कव्हरला ते लटकवायला एकच कान. तो कान बुशमधून (धक्का झेलणारी रबरी गादी) एका आडव्या पट्टीला लटकतो आणि ती पट्टी डिकीच्या तळाला स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याएवढ्या जोडांनी, धरलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की हा कान एकीकडे पिळला जातो, पाय उचलला की उलट दिशेला. तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तसंच इथे होतं: आधी एक स्पॉट सुटतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो, मग पत्राच फाटायला लागतो.

तपासणीला अख्खा दिवस द्या. गालिचा, स्टेपनी, टूलकिट, आवाज दाबणारे डांबरी तुकडे, सगळं काढा. गाडी लिफ्टवर घ्या. लिफ्ट नसेल तर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर कधीही नाही. खालून सायलेन्सर उतरवल्याशिवाय ती पट्टी नीट दिसत नाही. चाकं जमिनीवर असताना एकाला गाडीत बसवून क्लच हळूच सोडायला सांगा आणि तुम्ही डिकीत कान लावा. ‘ठक’ असा एकच आवाज आला तर आधी बुश बघा, पण तिथेच थांबू नका. पत्र्यावर हात ठेवला आणि दोन थर वेगवेगळे हलताना बोटांना जाणवले, तर स्पॉट सुटलेले आहेत. जुनं अंडरकोटिंग वायर ब्रशने खरवडून उघडा पत्रा दिसू द्या. कोटिंगखाली तडा वर्षानुवर्षं लपून राहतो. अनेकदा गंजाची केसाएवढी तांबूस रेघ एवढीच त्याची खूण असते.

तडा दिसला तरी तो संपतो कुठे, हे डोळ्यांना कळत नाही, आणि सगळी दुरुस्ती त्यावर ठरते. त्यासाठी डीपी टेस्ट करा, म्हणजे तड्यात रंग मुरवून तो उघडा पाडायची तपासणी. अंबड-सातपूरला कास्टिंग आणि फॅब्रिकेशनवाल्यांकडे हे रोजचं काम आहे, त्यामुळे क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर असे तीन डबे मिळवणं इथे अवघड नाही. जागा पूर्ण स्वच्छ आणि कोरडी करायची, लाल रंग मारून दहा ते वीस मिनिटं मुरू द्यायचा, फडक्याने पुसायचा (क्लीनर फडक्यावर घ्यायचा, थेट पत्र्यावर मारायचा नाही, नाहीतर तड्यातला रंगही धुतला जातो) आणि मग डेव्हलपरचा पातळ थर द्यायचा. तडा असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तिच्या दोन्ही टोकांना सेंटर पंचने खूण करा आणि फोटो काढून ठेवा.

आता कारागीर. साधा आर्क इथे चालणार नाही. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला तो भोक पाडतो. गॅसने पितळ भरून देतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. तुम्हाला सीओटू मशीन (मिग वेल्डिंगचं), ०.८ किंवा ०.६ मिलिमीटरची तार आणि शक्यतो आर्गॉन मिसळलेला गॅस लागेल. जाड चॅनेल जोडणारा वेल्डर आणि पातळ पत्र्यावर हात बसलेला वेल्डर, यांत फार फरक आहे. त्याच जाडीचे दोन तुकडे घेऊन जा, जोडून मागा, मग व्हाइसमध्ये धरून वाकवा. जोड शाबूत राहून पत्रा वाकला तर माणूस पक्का. दिवस ठरवताना एवढं धरा की आपल्याकडे एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. महिना गुढीपाडव्यानंतरचा घ्या. हवा कोरडी असते आणि पावसाच्या आत रंग नीट वाळतो.

सामान आधी जमवा, गाडी खोलून पार्सलची वाट बघू नका. नवा डिफ्रन्शियल बुश, नवे बोल्ट, दीड ते दोन मिलिमीटरच्या पट्ट्या, झिंकवालं वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं), इपॉक्सी प्रायमर, सीलंट आणि पोकळीत मारायचं वॅक्स. पट्टी जितकी जाड तितकी चांगली, असं बरेच कारागीर सांगतील. ऐकू नका. पातळ पत्र्यावर पाच मिलिमीटरची प्लेट ठोकली की पुढचा तडा नेमका तिच्या काठाने जातो. पट्ट्यांचे कोपरे गोल करून घ्या आणि पट्टी तड्याच्या बरीच पुढे जाईल एवढी कापा. बजेट असेल तर दोन कानांचं कव्हर आणि त्याला जुळणारं ब्रॅकेट बसवा. भार दोन ठिकाणी वाटला जातो. माझ्या मते पैसे खर्च करायची पहिली जागा हीच, अलॉय आणि एक्झॉस्ट नंतर.

आगीची तयारी लिहूनच घ्या. या गाडीची बॅटरी डिकीत असते, ती बाहेर काढा. ईसीयूचे (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) प्लग सोडवा, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. पेट्रोलची टाकी फार लांब नाही. रिकामी केली म्हणून धोका गेला असं समजू नका, रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि ती जास्त वाईट. ठिणग्या तिथवर जात असतील तर टाकी उतरवूनच घ्या. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या बाजूला करा. अग्निशामक हातात धरून एक माणूस फक्त बघायला उभा असू द्या, आणि काम संपल्यावर अर्धा तास त्याने तिथून हलू नये.

प्रत्यक्ष वेल्डिंगच्या दिवशी क्रम असा: तड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे तीन मिलिमीटरचं भोक, म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग तडा ग्राइंडरने थोडा उघडून भरणं, मग सुटलेले स्पॉट ड्रिल करून प्लग वेल्ड (त्या भोकात वेल्ड भरून दोन्ही पत्रे जोडणं), शेवटी पट्ट्या. टाके छोटे, दोनेक सेंटिमीटरचे, एक इथे तर पुढचा समोरच्या टोकाला. पाणी ओतून थंड करायचं नाही.

रंग लावताना जोडावर काळं कोटिंग थापू नका. फिक्या राखाडी रंगात नवा तडा लगेच दिसतो. पोकळीत वॅक्स भरपूर मारा, इगतपुरीच्या पावसातून एकदा आलात की कारण कळेल.

यापुढे बुश मऊ पडला की लगेच बदला. पत्रा मजबूत न करता पॉलियुरेथेनचा कडक बुश टाकू नका, तो सगळा धक्का थेट पत्र्याला देतो. कसारा घाट चढताना गिअर बदलून क्लच झटक्याने सोडायची सवय मोडा. गतिरोधकावर मागची चाकं पूर्ण उतरेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय नको.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्या, टॉर्क रेंचने सगळे बोल्ट तपासा आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघा. नंतर दर वर्षी पावसाआधी एकदा. डिकीचा गालिचा परत चिकटवू नका, नुसता पसरून ठेवा.