रात्रीचं विमान? लाउंजमध्येच जेवून घ्या

मुंबईहून लंडनला जाणारं विमान मध्यरात्रीनंतरचं आणि तिकीट बिझनेस क्लासचं असेल, तर घरून जेवून निघायची घाई करू नका. इमिग्रेशन-सिक्युरिटी उरकून लाउंज, म्हणजे विमानतळावरची बिझनेस क्लासवाल्यांची बसायची-खायची जागा, गाठा आणि जेवण तिथेच उरका. विमानात वाढायला सुरुवात होऊन ताटं उचलेपर्यंत दीड तास सहज जातो. साडेनऊ-दहा तासांच्या प्रवासात तेवढी झोप गेली, तर आडव्या होणाऱ्या सीटचे पैसे वाया! जेवताना साधा डाळ-भात, दही बरं. बुफे फुकट दिसला की हात सुटतो, पण विमानातला हवेचा दाब कमी असल्यामुळे पोटातला वायू फुगतो. छोले तेवढे टाळाच.

शॉवर हवा असेल तर आत शिरल्या शिरल्या काउंटरवर नाव द्या, रात्री नंबर लागतात. सैल कपडे हातातल्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा, म्हणजे अंघोळ झाली की थेट झोपायच्या कपड्यांतच विमानात चढता येतं. लाउंजच्या मऊ खुर्चीत डुलकी लागतेच. घोषणेच्या भरवशावर राहू नका, मोबाइलवर बोर्डिंगच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावा. मुंबईच्या टी-2 टर्मिनलवर काही गेट बरीच लांब आहेत.