डिस्क मोठी, पण सी ड्राइव्ह तेवढीच? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांच्या ऑफिसात टॅलीचे हिशेब, डिझाइनच्या फायली आणि मालकांच्या घरच्या लग्नाचे फोटो, सगळं एकाच ५०० जीबीच्या डिस्कवर कोंबलेलं असतं. सी ड्राइव्ह भरून लाल झाली की २ टीबीची डिस्क येते, बॅकअपमधून सिस्टीम टाकली जाते आणि फोन येतो, "ओ साहेब, नवी डिस्क घातली की, तरी सी लालच हाय!"

डिस्क खराब नसते. इमेज बॅकअप (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल) पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांची, जुनी मापंही तशीच उतरवतो आणि उरलेली जागा 'अनॲलोकेटेड' (कुठल्याच कप्प्याला न दिलेली) म्हणून पडून राहते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबायला जावं, तर ते फिकट. विंडोज सी ड्राइव्हला फक्त तिच्या लगेच पुढची मोकळी जागा जोडते आणि मध्ये बहुतेक वेळा विंडोजच्या दुरुस्तीसाठीचं रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून असतं. वैतागून ते उडवू नका. जीपार्टेड या पार्टिशन हलवण्याच्या साधनाच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करा, ते डिस्कच्या शेवटी सरकवा, मग सी वाढवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी बंद करून डिक्रिप्शन, म्हणजे कुलूप काढणं, पूर्ण होऊ द्या. या कामात वीज गेली तर डेटाच जाऊ शकतो, त्यामुळे यूपीएस हवाच. (२ टीबीची डिस्क १.८१ दिसते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)

४ टीबी घेणाऱ्यांची गंमत वेगळी. जुनी सिस्टीम एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) असेल तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. जीपीटी ही नवी पद्धत करावी लागते आणि त्यावरून विंडोज चालू व्हायला मदरबोर्डवर यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं. मदरबोर्ड जुना असेल तर सरळ छोटी डिस्क घ्या, पैसे वाचतील.

पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची सही (डिस्कची ओळख-खूण) एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करते, किंवा मशीन गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि दिवसभराच्या एंट्र्या तिकडे जातात.

टॅलीचं लायसन्स हार्डवेअरला बांधलेलं असतं, ते आधी सरेंडर करा, म्हणजे जुन्या डिस्कवरून परत करा. आणि जुनी डिस्क निदान एक जीएसटी रिटर्न नव्या डिस्कवरून भरून होईपर्यंत फॉरमॅट करू नका.