मराठी वाहिन्या केबलवर एचडीत बघायच्या तर

टीव्ही मोठा आणि नवा, चित्र मात्र धूसर. अशा वेळी आधी सेट टॉप बॉक्सची मागची बाजू बघा. तिथे एचडीएमआय पोर्ट (एचडी चित्र टीव्हीपर्यंत नेणारी केबल लावायची जागा) नसेल तर तो एसडी, म्हणजे कमी स्पष्ट चित्राचा, बॉक्स आहे. त्यावर कितीही महाग पॅक टाकला तरी एचडी दिसणार नाही. केबलवाल्याकडून बॉक्स बदलून घ्या आणि नव्या बॉक्सचा नंबर पावतीवर लिहून घ्या. पॅक त्या नंबरावरच चालू होतो, आणि एक आकडा चुकला तरी तो भलत्याच घरी चालू होतो.

झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ पासून आहेत. पण एसडी पॅकमध्ये त्या आपोआप येत नाहीत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी आवृत्ती एका बुकेत (वाहिन्यांच्या गटात) ठेवता येत नाही, त्यामुळे एचडीचा बुके वेगळा मागावा लागतो. दोनच वाहिन्या बघत असाल तर सुट्या घ्या. त्यांच्या एसडी आवृत्त्या काढायलाही सांगा, नाहीतर एकाच मालिकेचे दोनदा पैसे जातात.

जोडणी एचडीएमआय केबलनेच करा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीतून एचडी जातच नाही, आणि केबलवाल्याचा माणूस घाईत नेमकी तीच लावून जातो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय आणि चित्राचं प्रमाण १६:९ ठेवा. ४:३ राहिलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

एवढं करूनही फरक दिसत नसेल, तर रिमोटवर कोणता नंबर दाबताय ते बघा. एचडी वाहिनीचा नंबर वेगळा असतो. बोटं सवयीने जुनाच दाबतात आणि पैसे भरूनही घरात एसडीच चालू राहतं.

चित्रात चौकोनी ठोकळे येत असतील तर बहुधा सिग्नल कमी पडतोय. एका वायरीवर स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) लावून दोन बॉक्स चालवले की प्रत्येकाला सिग्नल सुमारे साडेतीन डेसिबलने कमी, म्हणजे निम्म्याहूनही थोडा कमी, मिळतो. स्प्लिटर काढून वायर थेट बॉक्सला लावून बघा. चित्र सुधारलं तर दोष स्प्लिटरचा. नाही सुधारलं तर गच्चीवरचा किंवा जिन्यातला जोड उघडायला लावा. पावसाळ्यात पाणी शिरून आतली तांब्याची तार हिरवी पडते. ती पुसून भागत नाही, टोक कापून नवा कनेक्टरच बसवून घ्यावा लागतो.