ग्लुटाथायोनचा माग काढायचाय? आधी हे वाचा

ग्लुटाथायोन हा पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारा छोटा रेणू. त्यात गंधक असतं, म्हणून किरणोत्सारी गंधक, म्हणजे सल्फर-३५, वापरून त्याचा माग काढतात. जीवरसायनशास्त्रात पीएचडीला नव्याने लागलेली मुलं विचारतात, "सल्फर-३५ हाताळायची भीती वाटत नाही?" खरं सांगायचं तर जास्त दमवतात ती कागदपत्रं. प्राण्यांसाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि आयसोटोपसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, दोन्ही हातात पडल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. सल्फर-३५चं अर्धायुष्य जेमतेम ८७ दिवसांचं. समितीची बैठक ठरेस्तोवर बाटलीतला जीव निम्मा होतो.

प्रयोग कागदावर सोपा दिसतो. ग्लुटाथायोन ज्यापासून बनतं ते सिस्टीन हे अमिनो आम्ल सल्फर-३५ लावून रॅटला टोचायचं, ठरावीक वेळांनी यकृत काढायचं, मोजायचं. पण सिस्टीन काही एकट्या ग्लुटाथायोनमध्ये जात नाही. प्रथिनांत जातं, टॉरीन होतं, सल्फेट होतं. किरणोत्सार मोजणाऱ्या सिंटिलेशन काउंटरला फक्त लेबल, म्हणजे सल्फर-३५, दिसतं, ते कुठल्या रेणूत बसलंय हे त्याला कळत नाही. म्हणून आधी एचपीएलसीवर रेणू वेगळे करा, मग एकेक फ्रॅक्शन, म्हणजे वेगळा झालेला भाग, मोजा. शिवाय काही प्राण्यांना बीएसओ हे रसायन द्या. ते ग्लुटाथायोन बनणंच रोखतं. तरीही आलेखातलं तुमचं ग्लुटाथायोनचं शिखर खाली आलं नाही, तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

वेळा लवकरच्या ठेवा. यकृतातलं ग्लुटाथायोन काही तासांत निम्मं पालटतं, मूत्रपिंडातलं त्याहून लवकर. काढलेली ऊती लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि कुटताना एनईएम घाला, ते ग्लुटाथायोनला बांधून ठेवतं. नाहीतर ग्लुटाथायोनचं ऑक्सिडीकरण तुमच्या टेबलावरच होतं, आणि प्रबंधात मात्र 'ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला' असं छापून येतं! असे आलेख मी बरेच पाहिलेत.

काउंटर नमुन्यातला उजेड मोजतो, त्यामुळे रक्ताळलेल्या नमुन्याच्या रंगाने काउंट्स दबतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग घालवला की रासायनिक क्रियेचा खोटा उजेड सुरू होतो. नमुन्याची छोटी बाटली (वायल) रात्रभर अंधारात ठेवून मगच मोजा.

ग्लुटाथायोनऐवजी क जीवनसत्त्वावर काम असेल तर रॅट नको. तो ते स्वतःच बनवतो. गिनीपिग घ्या, सोबत कार्बन-१४ लावलेलं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वच.

अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणाऱ्या छातीवरच्या टीएलडी बॅजवर विसंबू नका. सल्फर-३५चे बीटा कण इतके दुबळे, की बॅजला ते कळतच नाहीत. टेबल, पिपेट, फ्रीजचा दांडा पुसून ते कागद काउंटरमध्ये मोजा. आणि मेलेल्या प्राण्यांसाठी वेगळा डीप फ्रीझर आधीच मागून घ्या. किरणोत्सार ओसरेपर्यंत दहा अर्धायुष्यं थांबायचं म्हटलं तर जवळपास अडीच वर्षं तो अडकून राहतो.