गॅस सेन्सर दाद देईना? मटेरियल बदलण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात पाऊस लागला की सेन्सरवर काम करणाऱ्या पोरांची एक तक्रार ठरलेली. मे महिन्यात झकास चालणारी झिंक ऑक्साइडची फिल्म, म्हणजे सेन्सरमधला गॅस ओळखणारा पातळ थर, जुलैत अमोनियाला दाद देत नाही. खापर मटेरियलवर फुटतं आणि नवं डोपिंग, म्हणजे त्यात दुसरं मूलद्रव्य किंचित मिसळणं, सुरू होतं. आधी आर्द्रता बघा!

तापवलेल्या फिल्मच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि तिच्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइड आला की त्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेझिस्टन्स उतरतो. पाण्याची वाफ याच जागा अडवते. त्यामुळे बेसलाइनही (गॅस नसतानाचं रेझिस्टन्स) घसरते, प्रतिसादही. कोरडी हवा वापरा आणि प्रत्येक रीडिंगशेजारी आर्द्रता लिहा. हवा कोरडी करणारी निळी सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होऊन पडलेली असते, तरी कुणी बदलत नाही, हे तर नेहमीचंच.

हीटर लावला, तापमान आलं, की लगेच गॅस सोडायची घाई नको. रेझिस्टन्सची रेघ सपाट होईपर्यंत थांबा, मग त्यात तास गेले तरी चालतील. सरकत्या बेसलाइनवर काढलेला प्रतिसाद खोटाच.

हिशेबातही गफलत होते. चेंबर २५० मिलिलिटरचं आणि सिलिंडर १००० पीपीएमचा (दहा लाख भागांत १००० भाग गॅस) असेल, तर १० मिलिलिटर सोडल्यावर साधारण ४० पीपीएम होतात. पण सिलिंडर शुद्ध गॅसचा असेल, तर त्याच सिरिंजने ४०,००० होतील.

हायड्रोजन सल्फाइडसाठी फिल्मला तारा जोडणारे संपर्क सिल्व्हर पेस्टचे नकोत. चांदी काळी पडते आणि तुम्ही फिल्मऐवजी संपर्काचं रेझिस्टन्स मोजत बसता. सोनं किंवा प्लॅटिनम महाग, पण इलाज नाही. चेंबरच्या फटीला सिलिकॉन सीलंट लावणंही टाळा, त्याची वाफ टिन ऑक्साइडची फिल्म कायमची बाद करू शकते.

नायट्रोजन डायऑक्साइडला रेझिस्टन्स वाढलं तर वायरिंग उलटं झालं असं समजू नका. हा वायू इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे एन-टाइप (इलेक्ट्रॉनवर वीज वाहणाऱ्या) फिल्ममध्ये तसंच व्हायला हवं.

आणि नाकावर विसंबू नका. साखर कारखान्याच्या सांडपाण्याजवळ चाचणी घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की वासच कळेनासा होतो, आणि जिवाला तात्काळ धोका मानतात ती पातळीही हीच. तिथे जाताना खिशाला प्रमाणित अलार्म लावा; तुमची फिल्म अजून परीक्षेला बसलेली आहे.