मालडब्यावरील अक्षरांवरून रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणाचा माग कसा काढावा

अमेरिका आणि कॅनडातील मालगाड्या पाहताना डब्यावरचे भले मोठे बोधचिन्ह एका कंपनीचे आणि क्रमांकाशेजारची अक्षरे दुसऱ्याच कंपनीची, असा प्रकार वारंवार आढळतो. अशा वेळी बोधचिन्ह बाजूला ठेवून अक्षरांवर भिस्त ठेवावी. दोन ते चार रोमन अक्षरांच्या या खुणेला रिपोर्टिंग मार्क म्हणतात. परक्या कंपनीच्या रुळांवर डबा फिरला तर त्याचे भाडे कोणाच्या खात्यात जमा करायचे आणि दुरुस्तीचे बिल कोणाच्या नावे काढायचे, हे मार्क आणि क्रमांक यांच्या जोडीवरून ठरते. भारतीय वॅगनच्या ११ अंकी क्रमांकात तिसरा आणि चौथा अंक मालक रेल्वे दाखवतात. तिकडे मात्र ते काम अक्षरे करतात.

प्रथम शेवटचे अक्षर पाहावे. ते ‘एक्स’ असेल तर डबा रेल्वे कंपनीचा नसून भाड्याने डबे देणाऱ्या संस्थेचा किंवा एखाद्या कारखान्याचा असतो. सीएसएक्स या रेल्वेच्या नावातच शेवटी ‘एक्स’ असल्यामुळे तिला आपल्या डब्यांवर सीएसएक्सटी असे लिहावे लागते.

विलीनीकरण कागदोपत्री एका दिवसात होते. डबे मात्र खंडभर विखुरलेले असतात. प्रत्येक डबा कमाईतून काढून कारखान्यात आणणे परवडत नाही, दोन्ही कंपन्यांचे क्रमांक एकमेकांशी टक्कर घेतात आणि काही डबे भाडेकराराने किंवा कर्जाच्या तारणात अडकलेले असतात. म्हणून जुना मार्कच वारसदार कंपनीच्या मालकीचा होतो आणि डबा त्याच खुणेने धावत राहतो. जुलै १९७४ नंतर बांधलेल्या डब्याला सर्वसाधारणपणे ५० वर्षे इतर कंपन्यांच्या मार्गांवर जाता येते, हे लक्षात घेतले तर जुनी अक्षरे इतकी का टिकतात ते कळते. बीएन (बर्लिंग्टन नॉर्दर्न) आणि एटीएसएफ (सांता फे) या खुणा आज बीएनएसएफ या रेल्वेच्या आहेत. सीएनडब्ल्यू (शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न) आणि एसपी (सदर्न पॅसिफिक) युनियन पॅसिफिककडे, तर आयसी (इलिनॉय सेंट्रल) आणि डब्ल्यूसी (विस्कॉन्सिन सेंट्रल) कॅनेडियन नॅशनलकडे गेल्या. हा वारसाचा तक्ता स्वतः तयार करून जवळ बाळगावा.

नवख्याला हमखास चकवणारे उदाहरण कॉनरेलचे आहे. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या कंपन्या एक होऊन पेन सेंट्रल झाली, ती १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १ एप्रिल १९७६ रोजी तिचे व इतर बुडीत कंपन्यांचे मार्ग कॉनरेलकडे आले. पुढे १ जून १९९९ पासून कॉनरेलचा कारभार नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांच्यात वाटला गेला. तेव्हा नॉरफोक सदर्नच्या वाट्याच्या डब्यांना पीआरआर (पेनसिल्व्हेनिया) आणि सीएसएक्सच्या वाट्याच्या डब्यांना एनवायसी (न्यू यॉर्क सेंट्रल) हे जुने मार्क देण्यात आले. त्यामुळे बऱ्याच डब्यांवर फक्त कॉनरेलची ‘सीआर’ ही अक्षरे रंगाच्या चौकोनी ठिगळाखाली गेली, नवी अक्षरे वर आली आणि क्रमांक तोच राहिला. परिणामी पेनसिल्व्हेनिया रेल्वे कधी पाहिलीही नाही अशा डब्यावर, शेजारी कॉनरेलचे बोधचिन्ह शाबूत असताना, तिची अक्षरे दिसतात. माझ्या मते सोयीचा याहून चतुर तोडगा दुसरा नाही, पण त्याला जुना अवशेष समजू नये.

असा घोळ टाळण्यासाठी डब्यावर ‘बीएलटी’ या अक्षरांपुढे असलेला बांधणीचा महिना आणि वर्ष तपासावे. ते विलीनीकरणापूर्वीचे असेल तर डबा बहुधा वारशाने आला आहे. नंतरचे असेल तर नव्या मालकाने जुना मार्क मुद्दाम चालू ठेवला आहे, असे समजावे. युनियन पॅसिफिकचे पांढरे शीतडबे याचा नमुना आहेत. त्यांच्यावर कंपनीचे ढालीच्या आकाराचे बोधचिन्ह असते, पण मार्क एआरएमएन असतो. तो पुढे युनियन पॅसिफिकमध्ये सामील झालेल्या मिसूरी पॅसिफिक रेल्वेशी संबंधित असलेल्या अमेरिकन रेफ्रिजरेटर ट्रान्झिट या कंपनीकडून चालत आलेला आहे, आणि २००० नंतर बांधलेल्या डब्यांवरही तो दिसतो.

मार्क खरोखर बदलला जातो तेव्हा केवळ रंगकाम पुरत नाही. डब्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, रुळांलगतच्या यंत्राने वाचता येणाऱ्या ओळखपट्टीतही नवी अक्षरे आणि क्रमांक भरावे लागतात, आणि ‘उमलर’ या सामाईक नोंदवहीतील नोंदही बदलावी लागते. टिपण ठेवताना ठिगळाखालून दिसणारी जुनी अक्षरे, नवा मार्क, क्रमांक आणि बांधणीचे वर्ष एकाच ओळीत लिहावे, म्हणजे तोच डबा पुन्हा नव्या क्रमांकाने समोर आला तरी जुळवता येतो.