पुण्यातल्या क्राफ्ट बीअर फेस्टिव्हलला जाताय? आधी हे वाचा

थंडी सुरू झाली की पुण्यात बीअर फेस्टिव्हलच्या पोस्ट फिरायला लागतात आणि ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, तिकीट एवढं महाग आहे तर पैसे वसूल कसे करायचे. मी प्रत्येक वेळी एकच सांगते, कमी प्या पण जास्त प्रकारच्या प्या. नुसतं भरपूर प्यायचं असेल तर परमिट रूम स्वस्त पडते, इथे यायचं कारण म्हणजे सात-आठ ब्रुअरींची, म्हणजे थोड्या प्रमाणात स्वतः बीअर बनवणाऱ्यांची, बीअर एकाच दुपारी शेजारी शेजारी ठेवून चाखता येते, हे एरवी कुठे मिळणार? 2009 मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून आपल्या शहराने हे वेड जपलंय, नंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट असं करत करत कितीतरी जण आले, त्यामुळे निदान पुणेकरांनी तरी हे नीट अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

निघताना घरून जेवून निघा, वरणभात-तूप असलं काहीतरी पोटभर, कारण आत खायच्या स्टॉलला रांग असते आणि रिकाम्या पोटी दोन ग्लासातच चव कळेनाशी होते. ओळखपत्र घ्या, महाराष्ट्रात बीअरसाठी वय 21 पूर्ण लागतं. परफ्युम मात्र मारू नका प्लीज, अर्धी चव वासातच असते आणि शेजारच्याचीही वाट लागते.

आत गेल्या गेल्या लगेच ग्लास भरून घेऊ नका. आधी एक चक्कर मारा, सगळ्यांचे बोर्ड वाचा, कुठल्या बीअरचा एकच केग (बीअरचं पिंप) आणलाय ते विचारून घ्या कारण तो आधी संपतो. मग क्रम ठरवा. हलक्यापासून जडकडे जायचं, म्हणजे आधी हलकी लागर किंवा व्हीट (गव्हाची बीअर), मग जरा कडवट पेल एल, मग त्याहून कडवट आयपीए (इंडिया पेल एल) आणि शेवटी काळीभोर, जड स्टाउट. आयपीएचा कडवटपणा जिभेवर बसला की त्यानंतर घेतलेली व्हीट पाण्यासारखी लागते आणि बिचाऱ्या ब्रुअरची मेहनत फुकट जाते. पण एखादा स्पेशल स्टाउट संपायच्या बेतात असेल तर क्रम मोडा, थोडासा घ्या, मग पाणी, साधा पाव, पंधरा-वीस मिनिटं ब्रेक, आणि परत हलक्यावर या.

आता हिशोब, हा कोणी करत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. 100 मिलिचे दहा ग्लास म्हणजे 1 लिटर, म्हणजे 650 मिलिच्या दीड बाटलीपेक्षा थोडी जास्तच बीअर, आणि ग्लास छोटा असल्यामुळे ते लक्षातच येत नाही. त्यात एबीव्ही, म्हणजे बीअरमधलं अल्कोहोलचं टक्केवारीतलं प्रमाण, बघा. 5 टक्केवाल्या व्हीटच्या 100 मिलिमध्ये 5 मिलि अल्कोहोल असतं, 10 टक्केवाल्या स्टाउटमध्ये बरोबर दुप्पट, म्हणजे तो एक ग्लास दोन धरायचा. मैत्रिणीबरोबर एकच ग्लास वाटून घेतला तर तेवढ्याच बीअरमध्ये दुप्पट प्रकार चाखून होतात, मी कायम असंच करते. प्रत्येक ग्लासनंतर पाणी प्या आणि त्याच पाण्याने ग्लास विसळून घ्या.

चाखताना आधी वास घ्या. हेफेवायझेनमध्ये (जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर) केळं आणि लवंग येते, दोन्हीपैकी काही घातलेलं नसतं, ते सगळं यीस्टचं काम. बेल्जियन विटमध्ये (बेल्जियमची गव्हाची बीअर) मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल असते. स्टाउटचा कॉफीसारखा वास बहुतेक वेळा भाजलेल्या धान्याचा. फार गार असेल तर ग्लास तळहातात धरून दोन मिनिटं थांबा, चव उघडते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बीअर शिळी झालीये, सरळ सोडून द्या, संपवलीच पाहिजे असं काही नाही. आणि आयपीएबरोबर तिखट खाऊ नका, कडवटपणाने तिखट अजून चढतं, त्यापेक्षा चीजचं काहीतरी घ्या किंवा नुसते कुरमुरे.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे बऱ्याचदा स्टॉलवर ब्रुअर स्वतः उभा असतो. गर्दी व्हायच्या आत, गेट उघडल्यावर पहिल्या तासात त्याला गाठा आणि विचारा, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) कुठले, यीस्ट कुठलं, या बॅचमध्ये काय वेगळं केलं. ही माणसं इतकं भरभरून बोलतात की तुम्ही पुढच्या वेळी तीच बीअर वेगळ्या लक्षाने पिता. मीडचा स्टॉल दिसला तर तिथेही थांबा, ती बीअर नाही, मधापासून करतात, आणि मूनशाइन ही मीड बनवणारी कंपनी आपल्या पुण्याचीच.

गाडी घरी ठेवा. 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि कोणाला धडक बसली तर ते दंडाने भरून निघत नाही. कॅब शेवटच्या अर्ध्या तासात मिळत नाही, म्हणून थोडं लवकर निघा.

आणि हो, फोनवर प्रत्येक बीअरचं नाव आणि एक ओळ लिहून ठेवा, चवीच्या आठवणी दुसऱ्या दिवशी एकमेकींत मिसळतात. त्यातली सगळ्यात आवडलेली निवडा आणि पुढच्या आठवड्यात त्या ब्रुअरीच्या टॅपरूमला (त्यांच्या स्वतःच्या बारला) जाऊन तिचा एक पूर्ण ग्लास निवांत घेऊन बसा.